ध्वनिमुद्रणातील खंड आणि संगणकाची जोडणी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सिन्नर तालुक्यातील आमच्या गावी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर मुद्रित केल्या. नाशिकला येऊन ऐकल्या, तेव्हा मध्येच ‘टक्’ असा आवाज येई आणि ओवीतले एखादे अक्षर गळालेले असे. पुढच्या खेपेस तीच ओवी पुन्हा म्हणायला सांगितली, तर आजी म्हणाली, “पोरी, जातं थांबलं का ववी बी थांबती. तीच परत कुठून आणू?”

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. अशा कामात गळालेले अक्षर मागाहून भरता येत नाही. म्हणून मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. तो आपल्यापुढे ठेवते.

मायक्रोफोनकडून आवाज विजेच्या लहरींच्या रूपाने येतो. ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी त्या लहरींचे सेकंदाला, समजा, ४८,००० वेळा मोजमाप घेते आणि ते आकडे संगणकाकडे धाडते. एक मोजमाप २४ बिटांचे आणि मायक्रोफोन दोन धरले, तर सेकंदाला सुमारे २३ लाख बिट होतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० या जोडणीची कमाल गती सेकंदाला ४८ कोटी बिट आहे. रस्ता एवढा रुंद असताना खंड का पडावा?

कारण प्रश्न वेगाचा नसून वेळेवर पोचण्याचा आहे. फाईल पाठवताना एखादा तुकडा बिघडला, तर तो पुन्हा मागवता येतो. यूएसबीवरून येणाऱ्या ध्वनीला सहसा ही सवलत नसते. शिवाय आलेले आकडे ज्या साठ्यात जमतात, तो बफर पागोळीखालच्या घागरीसारखा असतो. भरण्याआधी रिकामा केला नाही, तर पाणी वाहून जाते. २५६ मोजमापांची घागर सुमारे ५ मिलिसेकंदांत भरते, १०२४ ची सुमारे २१ मिलिसेकंदांत. मोठ्या घागरीने आवाज कानाशी उशिरा पोचतो, पण नुसत्या मुद्रणात त्याने काही बिघडत नाही.

आता निवड. ब्लूटूथ टाळावे, त्यात आवाज आकुंचित होतो आणि उशीरही होतो. १९९५ चे फायरवायर या कामाला उत्तम होते, पण नव्या संगणकांना त्याचे तोंडच नसते. २०११ साली आलेले थंडरबोल्ट संगणकाच्या अंतर्गत मार्गाला थेट भिडते; अनेक वाद्ये एकाच वेळी मुद्रित करणाऱ्याने त्याचा विचार करावा. एकदोन मायक्रोफोनना साधे यूएसबी २.० पुरते. ‘टाइप-सी’ हा केवळ तोंडाचा आकार आहे, वेगाची हमी नव्हे.

माझी चूक वेगळीच होती. इंटरफेस, माउस आणि बाहेरची डिस्क मी एकाच हबवर लावली होती आणि बफर ६४ वर ठेवला होता. दिवाळीत इंटरफेस थेट संगणकाला जोडला, वाय-फाय बंद केले, बफर १०२४ केला आणि आधी दहा मिनिटांचे चाचणीमुद्रण कान देऊन ऐकले. मग आजी जात्यावर बसली. त्या दिवशीच्या सगळ्या ओव्या अखंड उतरल्या.

उन्हाळ्यातली ती ओवी मात्र तिला पुन्हा आठवली नाही. मित्रहो, आपल्याही घरी असा आवाज असेल, तर महागड्या जोडणीसाठी थांबू नका; पण चाचणी केल्यावाचून मुद्रणाला बसू नका.