एका अक्षराचा फरक

रात्रीचा वर्ग भरला होता. बाईंनी फळ्यावर ‘मीठ’ हा शब्द लिहिला. सर्वांनी तो पाटीवर उतरवून घेतला. एका आजींच्या पाटीवर मात्र ‘पीठ’ झाले. शेजारच्या बायका हसल्या.

बाई म्हणाल्या, “हसू नका. अक्षर एकच बदलले, पण वस्तूच दुसरी झाली. आपल्या रक्तातही असेच एक अक्षर बदलते. आज त्याचीच गोष्ट सांगते.”

आजी म्हणाल्या, “बाई, रक्ताचंच विचारायचं होतं. माझ्या नातवाचे हातपाय सुजतात. पोर रात्ररात्र रडतं. डोळे पिवळे दिसतात. कोणी म्हणतं, नजर लागली. दवाखान्यात म्हणाले, सिकलसेल आहे. ते काय असतं हो?”

बाईंनी जे सांगितले ते आपणही वाचू या.

पेशी म्हणजे काय?

घर विटांचे बनते. तसे आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी इतकी लहान असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहावी लागते. पण वीट निर्जीव असते. पेशी जिवंत असते. ती अन्न घेते, काम करते, झिजते आणि मरते. तिच्या जागी नवी येते.

रक्त म्हणजे नुसते तांबडे पाणी नव्हे. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंबात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. छातीतला प्राणवायू साऱ्या अंगाला पोचवणे हे त्यांचे काम.

पेशी कशाची बनते?

तव्यावर भाकरी विसरली तर काय होते? करपून काळी होते. दूध करपले तरी काळे. तेलाच्या दिव्यावर काजळी धरते. हा काळा पदार्थ म्हणजे कार्बन. मीठ मात्र कितीही तापवा, त्याचा कोळसा होत नाही. कारण त्यात कार्बन नाही. सजीवांच्या शरीरातील बहुतेक पदार्थांत पाणी सोडले तर कार्बन असतोच. अशा पदार्थाच्या अगदी लहानात लहान कणाला रेणू म्हणतात.

पेशीतले असे मोठे रेणू मुख्यतः चार प्रकारचे. पहिला, साखर आणि पिष्ट. यातून ताकद मिळते. दुसरा, तेलतुपासारखे स्निग्ध पदार्थ. पेशीचे पातळ आवरण यांचेच असते. तिसरा, प्रथिने, ही पेशीतली कामकरी मंडळी. चौथा, डीएनए, ही पेशीची वही. कोणते प्रथिन कसे करायचे, ते या वहीत लिहिलेले असते.

माळ आणि मणी

प्रथिन म्हणजे जणू मण्यांची माळ. मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मणी २० प्रकारचे. कोणता मणी कोणाच्या शेजारी बसला, यावर माळेचा आकार ठरतो आणि आकारावर तिचे काम ठरते.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन भरलेले असते. त्यात लोह असते. तेच प्राणवायू धरून ठेवते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार माळा असतात. दोन माळांत १४१ मणी, दोन माळांत १४६ मणी.

आता नीट लक्ष द्या. डीएनएच्या लिपीत अक्षरे फक्त चार आहेत. सिकलसेलमध्ये त्या वहीतले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे १४६ मण्यांच्या माळेत सहावा मणी वेगळा बसतो. बाकी सारे मणी जागच्या जागी असतात.

हा फरक एवढासा, पण परिणाम मोठा. प्राणवायू देऊन झाला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात. त्यांच्या लांब काड्या होतात. गोल, मऊ पेशी त्या काड्यांमुळे ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ आणि पेशीला ‘सेल’ म्हणतात. म्हणून हे नाव.

मऊ पेशी बारीक नसेतून वाकून निघून जाते. ताठ विळा अडकतो. मागचे रक्त तुंबते आणि असह्य वेदना होतात. लहान मुलांचे हातपाय सुजतात ते यामुळेच. अशा पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे होतात.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या विळ्यासारख्या पेशींची माहिती प्रसिद्ध केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. फरक एकाच मण्याचा आहे, हे पुढे १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधून काढले. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत हा आजार बराच आढळतो.

दोष कोणाचा?

आजी हळूच म्हणाल्या, “बाई, आम्ही तर सुनेला बोल लावला. ती माहेरी जाऊन बसली आहे.”

बाई म्हणाल्या, “आजी, हिशेब ऐका. प्रत्येकाजवळ या मजकुराच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बदललेली असली तर माणूस बहुधा धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही प्रती तशा आल्या तरच तुमच्या नातवासारखा आजार होतो. म्हणजे एक प्रत आईची आणि एक बापाची.”

“म्हणजे माझ्या मुलाकडूनही आली?”

“हो. आणि त्याला ती तुमच्याकडून किंवा त्याच्या वडिलांकडून आली असेल. यात कोणाचाच अपराध नाही. हा आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, नजरेने तर नाहीच.”

आईबाप दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारांत एक शक्यता आजाराची, दोन वाहक होण्याची आणि एक पूर्ण निरोगी मुलाची. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मात्र नाही. प्रत्येक खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून लग्नापूर्वी मुलगा व मुलगी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. पहिल्या तपासणीत शंका आली तर दुसरी करतात. माणूस वाहक आहे की आजारी, ते दुसरीत कळते. २०२३ साली देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

काळजी कशी घ्यावी?

१. मुलाला भरपूर पाणी पाजा. पाणी कमी पडले की पेशी लवकर वाकतात.
२. थंडीत उबदार कपडे घाला. फार दमू देऊ नका.
३. ताप आला, धाप लागली किंवा पोट फुगले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.
४. फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सीयुरिया ही औषधे डॉक्टर सांगतील तशी द्या. मध्येच बंद करू नका.
५. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. येथे रक्त कमी होते ते पेशी फुटल्यामुळे.
६. सर्व लसी वेळेवर टोचून घ्या. मुलाला शाळेत जरूर पाठवा.

वर्ग सुटला. आजींनी पाटी पुसली आणि सावकाश ‘मीठ’ लिहिले. या वेळी अक्षर बरोबर आले. उठताना त्या म्हणाल्या, “उद्या मी स्वतःच जाते सुनेला आणायला. आणि येताना तिघांचंही रक्त तपासून घेतो आम्ही.”

उत्तरे लिहा

१. तांबड्या पेशीचे काम कोणते?
२. मीठ तापवल्यावर काळे का होत नाही?
३. विळ्यासारखी पेशी नसेत का अडकते?
४. आजींनी सुनेला बोल लावला, हे चूक का होते?
५. तुमच्या घरात कोणाकोणाची रक्ततपासणी झाली आहे? त्यांची नावे लिहा.