सौरडागांचे छायाचित्रण : छंद आणि शिस्त

सूर्याचा अभ्यास हे वेधशाळेतील शास्त्रज्ञांचेच काम, असा आपला समज असतो. पण सौरडागांचे चक्र शोधून काढणारा हाइनरिश श्वाबे हा जर्मनीतील देसाऊ गावचा औषधविक्रेता होता. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असल्यास तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, ह्या आशेने त्याने १८२६ पासून नित्य निरीक्षण केले. ग्रह सापडला नाही. परंतु डाग सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात, हे त्याने १८४४ साली प्रसिद्ध केले. पुढे ही सरासरी अकरा वर्षांची ठरली.

श्वाबेच्या तक्त्यात दोन रकाने महत्त्वाचे आहेत : सूर्य किती दिवस पाहिला आणि त्यांपैकी किती दिवस तो निष्कलंक होता. १८२८ साली २८२ दिवसांत एकही दिवस निष्कलंक नव्हता. १८३३ साली २६७ पैकी १३९ दिवस तसे होते. ‘डाग नव्हते’ आणि ‘पाहिले नाही’ ह्या दोन निराळ्या नोंदी होत. छायाचित्रकारानेही हा भेद विसरू नये.

डाग काळा दिसतो, तो केवळ तुलनेने. तेथील प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे खालून येणारी उष्णता अडते व तो भाग भोवतालापेक्षा थंड राहतो.

आता प्रत्यक्ष कृती. सूर्यासाठी बनविलेला खात्रीचा फिल्टर दुर्बिणीच्या किंवा कॅमेऱ्याच्या पुढच्या टोकाला घट्ट बसवावा. डोळ्याकडील बाजूस नव्हे. त्याला छिद्र वा चरा नाही, हे दरवेळी तपासावे. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म ह्यांवर विसंबू नये. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, म्हणून इजा झालेली त्या क्षणी कळतही नाही.

प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतका असतो. १००० मिलिमीटरच्या भिंगाने सूर्य ९ मिलिमीटरचा उमटतो. जमीन तापण्यापूर्वी, सकाळी, हवा बहुधा स्थिर असते. कॅमेरा न हलवता एका मिनिटाच्या अंतराने दोन चित्रे घ्यावीत. बिंब ज्या बाजूस सरकले ती पश्चिम. चित्राखाली तारीख, वेळ व दिशा लिहावी. आपल्याकडे पावसाळ्यात खंड पडणारच; त्या दिवशी ‘ढगाळ’ असे लिहावे, रकाना कोरा सोडू नये.

अशा पंधरा दिवसांच्या मालिकेवरून डाग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात, आणि सूर्याची प्रदक्षिणा आपल्याला सुमारे २७ दिवसांची भासते, हे साध्या पट्टीने मोजता येते. संपूर्ण चक्र मात्र अकरा वर्षांचे आणि पदवीचा काळ तीन-चार वर्षांचा. म्हणून ही वही एका विद्यार्थ्याची न राहता महाविद्यालयाची व्हावी. जाणाऱ्याने ती येणाऱ्याच्या हाती द्यावी.