रॉड घेण्यापूर्वी

चि. सागर,

ताईकडून कळलं. पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीचा एक कनेक्टिंग रॉड वाकलाय, भंगारात तसाच एक स्वस्तात मिळतोय आणि मालकाला गाडी गणपतीआधी हवी आहे. गणपतीचं नंतर बघू. आधी बाकीचे तीन रॉड तपास.

३०० सीसीचा सिलिंडर आणि १० ला १ कॉम्प्रेशन धरलं, तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ३३ सीसी जागा उरते. अर्ध्या कटिंगइतकं पाणी आत गेलं की संपलं. पाणी दबत नाही, रॉड वाकतो. आणि पाणी नेमकं एकाच सिलिंडरमध्ये शिरलं, असं कोण सांगणार? थोडासा वाकलेला रॉड डोळ्यांना सरळच दिसतो. हेड काढलंच आहेस, तर प्रत्येक पिस्टन टॉपला आणून डायल गेजनं उंची घे. जो खाली राहील त्याचा रॉड आखूड झालाय. पिस्टनच्या स्कर्टवर तिरका घासल्याचा डाग दिसतो का, बेअरिंगचा वरचा शेल एका कडेला आणि खालचा विरुद्ध कडेला झिजलाय का, तेही बघ.

प्रेसवर सरळ करून देणारे भेटतील. त्यांना नमस्कार कर आणि पुढे जा. भंगाराशी माझं वैर नाही. दरवाजे, आरसे, अल्टरनेटर मीही तिथूनच आणतो. पण त्या रॉडचं इंजिन तिथं का आलं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि रॉडच्या बाबतीत नेमकं तेच कळायला हवं.

नवा घेताना मॉडेलचं नाव सांगून घेऊ नकोस, इंजिन नंबर देऊन पार्ट नंबर काढ. त्याच मॉडेलमध्ये साल बदललं की गजन पिनचं माप बदललेलं असू शकतं. बऱ्याच कंपन्या रॉडवर वजनाचा गट अक्षरानं किंवा रंगानं दाखवतात. तो जुळव आणि तरी स्वतः वजन कर. नुसतं एकूण नको. एक टोक टांगून दुसरं काट्यावर ठेव, मग उलट. मोठं टोक क्रँकबरोबर फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली होतं, म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा.

नव्या इंजिनांत कॅप बहुधा कापलेली नसते, तोडून वेगळी केलेली असते. ते खडबडीत तोंड जगात एकाच रॉडला बसतं. त्यावर पॉलिश पेपर फिरवायचा नाही, त्या तोंडावर कॅप उभी ठेवायची नाही, आणि दोन कॅप अदलाबदल झाल्या तर दोन्ही रॉड गेले. जुन्या पद्धतीच्या रॉडचं मोठं टोक लेथवाला घासून पुन्हा मापात आणतो, तो उपाय इथं चालत नाही. दुकानदारानं कॅप सुटी करून पिशवीत भरून दिली, तर घेऊ नकोस.

बोल्टचं मात्र नीट ऐक. रॉडला खरा ताण स्फोटाच्या वेळी बसत नाही, तेव्हा तो दाबला जातो. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वर जाऊन एकदम खाली वळतो, वर दाब काहीच नसतो, आणि त्याचा सगळा झटका दोन बोल्ट खेचून धरतात. ४००० आरपीएमला हे सेकंदाला तेहतीसेक वेळा. डिग्रीत आवळायचे बोल्ट एकदा ताणले की संपले. ते नवेच घाल. बोल्टच्या पैशांवरून मालकाशी घासाघीस करू नकोस, बिलातच लाव.

बसवताना प्लॅस्टिगेज ठेवून फट मोज. ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर हा ढोबळ अंदाज. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. क्रँकची मापंही त्याच वेळी घे, नाहीतर नवा रॉड वाकड्या क्रँकवर बसवशील.

मालकाला आजच फोन करून सांग: रॉड जुळलेल्या सेटमध्येच बसतील आणि गाडी गणपतीनंतर मिळेल. कबूल नसेल तर इंजिन तसंच परत दे. रॉड आले की चारही वजनं आणि मापं कागदावर लिहून, फोटो काढून मला पाठव. त्याआधी एकही बोल्ट आवळू नकोस.

तुझा,
मामा