बाळगुटीत मध चालेल का?

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. सासूबाई रोज सहाणेवर गुटी उगाळून मधातून चाटवतात. मध घरचा, शुद्ध आहे. चालेल ना?

उत्तर : नाही. वर्षाच्या आत मध बोटाला लावूनही देऊ नका. शुद्ध मधातही क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. मध उकळूनही ते मरत नाहीत. शी घट्ट होणं, दूध ओढायला जोर नसणं, क्षीण रडणं, मान टाकणं, असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. सासूबाईंची माया खरी आहे, त्यांच्याशी वाद नको. पुढच्या तपासणीला त्यांनाही न्या. आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध द्या. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाखेरीज काही नको, गुटीही नको.