एका वाक्यानं मी का कोसळते?

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे. ती गावी धाकट्या भावाकडे असते. मी दर महिन्याला पैसे पाठवते, रजा मिळाली की जाऊन येते. परवा फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, पैसे पाठवले की तुझं कर्तव्य संपतं." ऑफिसात कुणी कितीही बोललं तरी मी शांत असते. इथे मात्र तोंडातून शब्द फुटेना. असं का व्हावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ऑफिसात तुमच्या कामावर बोट ठेवलं जातं. भावाच्या बोलण्यानं 'मी चांगली मुलगी आहे का?' हाच प्रश्न उभा राहिला. हार्वर्ड निगोशिएशन प्रोजेक्टमधल्या डग्लस स्टोन, ब्रूस पॅटन आणि शीला हीन यांनी अवघड संभाषणांवरच्या १९९९ सालच्या पुस्तकात याची उकल केली आहे. अशा बोलण्यात तीन धागे गुंतलेले असतात : काय घडलं, काय वाटलं आणि यातून मी कोण ठरते. तिसरा सर्वांत नाजूक. 'एक तर मी चांगली, नाहीतर स्वार्थी' असं मनात पक्कं असलं, की कोसळायला एक आरोप पुरतो.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. ती सांगते : कृतीला बरं-वाईट म्हणा, अख्ख्या माणसाला नको. म्हणून भावाच्या वाक्यातलं खरं आधी वेगळं काढा. रात्री आईची कूस बदलणं, दवाखान्याच्या फेऱ्या, हे पैशानं होत नाही. तो थकला असेल. हे मान्य केल्यानं तुमची माया खोटी ठरत नाही, आणि ती खरी ठरवायला त्याला खोटं पाडावंही लागत नाही.

फोन करण्याआधी, आईचं करणं तुम्हाला का मोलाचं वाटतं, ते चार ओळींत लिहा. क्लॉड स्टील यांनी १९८८मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा आशय असा, की आपली मूल्यं मनात जागी असली तर टीका पेलणं सोपं जातं. मग त्याला म्हणा, "जागरणं तुझ्याच वाट्याला येतात, हे खरं. मला आईची काळजी नाही, हे मात्र मला मान्य नाही. महिन्यातून मी कधी यायचं, ते आत्ताच ठरवू या." पुन्हा शब्द अडले तर "संध्याकाळी बोलते" एवढंच सांगा, आणि आठवणीनं फोन करा. बोलणं अपमानावर किंवा धमकीवर उतरलं, तर मात्र तिथेच थांबा; ते ऐकून घेणं हे कुठल्याच मुलीचं कर्तव्य नाही.