मिरजेचा तंबोरा

हरिनाम सप्ताह बसला म्हणजे आमच्या सोनईच्या परिसरात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. एका पहारेकऱ्याची वेळ संपली की दुसरा ती आपल्या गळ्यात घेतो. मध्यरात्री मंडपात दुसरे कोणी जागे नसले, तरी तारांचा झणकार चालूच असतो. मुलांनो, भजनातील या वीणेचा थोरला भाऊ म्हणजे गवयाचा तंबोरा. त्यावर कोणतेही गीत वाजवीत नाहीत. चार तारा एकामागून एक छेडावयाच्या आणि गाणाराला सुराचा आधार द्यावयाचा, एवढेच त्याचे काम. परंतु हे एवढेसे काम नीट करणारे वाद्य घडविणे किती कठीण असते, हे पाहावयाचे तर सांगली जिल्ह्यातील मिरज शहरी गेले पाहिजे.

मिरजेत हा धंदा उभा केला तो शिकलगारांनी. तलवारी, भाले यांना धार लावणे व पाणी देणे हे त्यांचे पिढीजात काम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल बसला, लढाया थांबल्या आणि शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही. त्या काळी फरीदसाहेब नावाच्या एका शिकलगाराने गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता स्वतः तंबोरे घडविण्यास आरंभ केला, असे सांगतात. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींना गायनाची आवड होती. त्यांचा आश्रय या कलेस लाभला. पुढे या घराण्यांतील अनेकांनी 'सतारमेकर' असे आडनावच धारण केले. धंदा बदलला, पण हातातली कानस तीच राहिली. पात्यावरून केसभर लोखंड खरवडणारा हात आता हाडावरून व लाकडावरून फिरू लागला.

तंबोऱ्याचा जन्म मात्र कारखान्यात होत नाही. तो होतो शेतात. त्याचे पोट म्हणजे एक वाळलेला कडू भोपळा. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही. पंढरपूर, मंगळवेढे या भागात, भीमेच्या खोऱ्यात, शेतकरी हे भोपळे मुद्दाम वाद्यांसाठी पिकवितात. फळ वाढत असताना त्याची बैठक सांभाळावी लागते. एका अंगावर कलंडले तर आकार बिघडतो. फळ पुरते पिकल्यावर ते कित्येक महिने वाळू द्यावे लागते. मग कारागीर ते पाण्यात भिजवितो, वरचा भाग कापून आतला गर व बिया खरवडून काढतो, आणि तोंड आकसू नये म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवितो. सुतार लाकूड निवडतो तेव्हा हवे तसे कापून घेतो. भोपळ्याच्या बाबतीत तसे चालत नाही. निसर्गाने जेवढा घेर दिला असेल, त्याच्या मापाने बाकीचे वाद्य बेतावे लागते.

भोपळ्यावर लाकडाची तबली बसते आणि त्यास पोकळ दांडी जोडतात. ही दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची असते. ते लाकूड हलके, आणि मुरलेले असेल तर वाकत नाही. मग खुंट्या, नक्षीकाम, रोगण, तारा. ही सारी कामे कौशल्याची आहेत. परंतु तंबोरा बोलू लागतो तो यांमुळे नव्हे. त्याचे मर्म तबलीवरील घोडीत आहे. ही घोडी हाडाची किंवा शिसवीची असते. तिचा माथा धारदार नसून रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या माथ्याला हलकेच घासते आणि मधमाशांच्या गुंजारवासारखा नाद उमटतो. यासच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून कारागीर हा नाद खुलवितो. कानशीचा एक घास अधिक बसला तर सूर बसका होतो, एक कमी पडला तर तो मिटलेला राहतो. यास मोजपट्टी नाही. कारागीर घासतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो.

या नादाने एका थोर शास्त्रज्ञासही विचारात पाडले होते. तार ज्या जागी छेडावी, त्या जागी ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा नियम आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वीणा व तंबोरा तपासले, तो हे उपस्वर तेथे स्पष्ट उमटत होते. घोडीच्या रुंद माथ्यामुळे असे होते, हे त्यांनी १९२१ साली दाखवून दिले. आमच्या कारागिरांना हे गणित ठाऊक नव्हते. त्यांच्या कानाला मात्र ते ठाऊक होते.

दूर स्पेन देशातही असेच एक वाद्य घडते. तेथील फ्लामेंको गिटारीचे अंग सुरूच्या जातीच्या हलक्या लाकडाचे असते आणि तारा पडद्यांच्या इतक्या जवळ बसवितात की जोराने छेडताच त्या किंचित खरखरतात. त्या खरखरीतच तेथील गाण्याचा जीव आहे. आजच्या स्पॅनिश गिटारीस घाट देणारा आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) हा मुळात सुतार होता. इकडे शिकलगार, तिकडे सुतार!

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने दुसरीकडचा माल विकता येऊ नये, हा त्याचा हेतू. हे योग्यच झाले. पण विजेवर चालणारी तंबोऱ्याची लहानशी पेटी आता गवयाच्या पिशवीत मावते. तिला ना भोपळा लागतो, ना कानस. शिवाय भीमाकाठच्या शेतकऱ्याने उद्या आमच्या सोनईप्रमाणे सगळ्या रानात ऊसच लावला, तर मिरजेच्या कारागिराने कितीही हात चालविला तरी पोट कोठून आणावयाचे? वर्षानुवर्षे मांडी घालून घोडी घासावयास बसणारी मुलेही हवीत.

चांगला तंबोरा घरात आला म्हणजे काम संपले असेही नाही. रोजच्या रियाजाने घोडीवर तारांच्या बारीक खाचा पडतात आणि नाद हळूहळू मिटू लागतो. मग गवई तो तंबोरा गवसणीत घालून पुन्हा कारागिराकडे नेतो. तारा उतरतात, कानस फिरते. सूत सरकवीत कारागीर कान लावतो, आणि गवई समोर बसून वाट पाहत असतो.