काचेच्या समुद्राखालची आगबोट

प्रश्न : माझी भाची ब्रिस्टलला शिकते. तिने ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ या जुन्या आगबोटीचे दोन फोटो पाठवले. एकात बोट पाण्यावर तरंगताना दिसते. दुसऱ्यात भाची त्याच बोटीच्या तळाशी कोरड्या जमिनीवर उभी आहे आणि पाणी तिच्या डोक्यावर! हे कसं? आणि बोट पाण्यातच का ठेवली नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही फोटो खरे आहेत. बोट सुक्या गोदीत टेकूंवर उभी आहे. तिच्या पाणरेषेच्या उंचीवर, बोटीच्या अंगापासून गोदीच्या काठापर्यंत, चहूबाजूंनी काचेचं छत घातलंय आणि त्या काचेवर पाण्याचा पातळ थर खेळता ठेवलाय. वरून पाहणाऱ्याला तो समुद्र वाटतो. देखावा सुरेखच आहे, पण या काचेवर मोठी जबाबदारी आहे : खालची कोरडी हवा कोंडून धरायची.

बोटीचं कवच लोखंडी आहे. इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंजिनिअरने ती बांधली आणि 1843 मध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा जगात तिच्याएवढं मोठं जहाज नव्हतं. पुढची शंभरहून जास्त वर्षं ती खाऱ्या पाण्यात होती. त्यातले क्षार लोखंडात आणि गंजाच्या थरांत मुरले. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसे हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे पाण्याबाहेर काढल्यावरही, अंगावर पावसाचा थेंब न पडता, बोट गंजत राहिली. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा दिसलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास आणली, तरच हा गंज थोपतो. पावसाळ्यात आपल्या कोकणात ती 80 च्या वर असते, यावरून ही हवा किती कोरडी ते कळेल. 2005 पासून काचेखाली हवा सुकवणारी यंत्रं हेच काम करतात.

म्हणूनच ही लोखंडी बोट पाण्यात ठेवली नाही. लाकूड गंजत नाही, त्यामुळे लाकडी जहाजाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत सागवानाची बांधलेली, 1817 ची ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्येच हार्टलपूलला आहे आणि ती अजूनही पाण्यावर तरंगते.

‘ग्रेट ब्रिटन’ इथवर पोचली हेच नवल. 1845 मध्ये ती अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेली. लोखंडी बांधणी आणि प्रॉपेलर या दोन्ही गोष्टी असलेल्या जहाजाने हा महासागर ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. पुढे तिने ऑस्ट्रेलियाला हजारो स्थलांतरित नेले. 1857 च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश फौज घेऊन ती मुंबईलाही आली होती. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघालेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघ 1861 मध्ये याच बोटीने गेला. म्हातारपणी तिची रवानगी फॉकलंड बेटांवर झाली, तिथे लोकर आणि कोळसा साठवण्याचं गोदाम म्हणून. शेवटी 1937 मध्ये तळाला भोकं पाडून तिला उथळ खाडीत सोडून दिलं. 1970 मध्ये जॅक हेवर्ड या धनिकाच्या मदतीने तिला मोठ्या तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला ओढत आणलं. त्यासाठी कवचाला पडलेली उभी भेग आधी चक्क गाद्या कोंबून बुजवावी लागली. ज्या गोदीत ती बांधली होती त्याच गोदीत ती परतली, 19 जुलैला. पाण्यात उतरली तीही 19 जुलैलाच.

भाची पुन्हा जाणार असेल, तर तिला आधी खाली उतरायला सांगा. वरचा पहिल्या वर्गाचा भोजनकक्ष, गरीब प्रवाशांचे अरुंद बंक, इंजिनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती हे सगळं अभ्यासाने नव्याने उभारलेलं आहे आणि पाहण्यासारखंही आहे. (इंजिन फिरतं, पण विजेवर.) माझ्या मते मात्र या संग्रहालयाचं खरं धन खालीच आहे. रिव्हेट ठोकून जोडलेले, क्षारांनी खाल्लेले ते मूळ पत्रे आणि बोटीच्या उजव्या अंगावरची ती भेग तिला हातभर अंतरावरून पाहता येईल.